कुकरचा भात, वेळलेला भात आणि ओट्यावर राहिलेला भात

घरात कुणाला मधुमेह निघाला की पहिली गदा येते ती कुकरवर. कुणीतरी सांगतं, कुकरचा भात बंद करा, पातेल्यात शिजवा आणि पेज ओतून द्या, म्हणजे साखर निघून जाते. मग सकाळच्या घाईत एक शेगडी अडकवून पातेल्याजवळ उभं राहायचं, शीत चेपून बघायचं, वेळून घ्यायचं. एवढं केल्यावर भात ‘चालणारा’ झाला अशी समजूत होते आणि पानात एक वाढप जास्तच पडतं. या खटाटोपाने रक्तातली साखर फार थोडी हलते. उलट त्याच घरात रात्रीचा उरलेला भात झाकण घालून सकाळपर्यंत ओट्यावर असतो आणि त्याची चिंता कुणालाच नसते. शिजवण्याच्या पद्धतींची तुलना करायची तर या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहायला हव्यात. काळजी जिथे करायला हवी तिथे होत नाही आणि जिथे फारशी गरज नाही तिथे माणसं दमून जातात.

आधी दाण्यात काय घडतं ते पाहू. तांदळाचा दाणा म्हणजे मुख्यतः पिष्ट, आपण ज्याला स्टार्च म्हणतो ते. त्याचे दोन प्रकार दाण्यात असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. पाणी तापून साधारण 55 ते 80 अंश सेल्सिअसच्या दरम्यान आलं की हे पिष्ट पाणी पिऊन फुगतं आणि मऊ होतं. कच्चा तांदूळ आपल्याला पचत नाही आणि भात पचतो, तो या फुगण्यामुळे. अमायलोज जास्त असलेला तांदूळ मोकळा शिजतो आणि तुलनेने सावकाश पचतो. अमायलोपेक्टिनचं प्रमाण जास्त असेल तर भात चिकट होतो आणि लवकर पचतो. भांडं कोणतंही असो, गॅस असो की चूल, दाण्यात हेच होतं. पद्धतीनुसार बदलतात त्या तीन गोष्टी: पाणी भातातच जिरतं की फेकलं जातं, दाणा किती मऊ होतो, आणि शिजल्यावर भात कसा ठेवला जातो.

पेज काढल्याने काय जातं?

आधणात तांदूळ वैरायचे, पाणी सहापट-आठपट ठेवायचं, शीत बोटांत चेपल्यावर मधली कणी हाताला लागेनाशी झाली की पातेल्यावर वेळणी घालून, दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून पातेलं कलतं करायचं. पांढरट दाट पाणी निथळलं की पातेलं पुन्हा मंद आचेवर चार-पाच मिनिटं ठेवायचं. भात मोकळा होतो, शीत न् शीत वेगळं दिसतं. कोकणात आणि गोव्यात हे रोजचं काम.

त्या पांढऱ्या पाण्यात पिष्ट असतं हे खरं, पण किती? शंभर ग्रॅम तांदळातले फार तर काही ग्रॅम. बाकीचं सगळं दाण्यातच राहतं. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदकं आणि 130 कॅलरी असतात, आणि पेज काढल्याने या आकड्यांत मोठी घट होत नाही. अर्धी वाटी भात कमी घेतला तर पेज काढण्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो.

पाण्याबरोबर खऱ्या अर्थाने जातात ती पाण्यात विरघळणारी ‘ब’ गटातली जीवनसत्त्वं, त्यातही थायमिन, म्हणजे ब-1. पॉलिश केलेल्या तांदळात ते मुळातच कमी उरलेलं असतं. तांदूळ चोळचोळून तीन-चार पाण्यांनी धुतला की त्यातलं पाव ते निम्म्यापर्यंत धुण्यातच जातं, आणि वर पेज ओतली की आणखी जातं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था वारंवार धुऊ नका आणि शिजवलेलं पाणी फेकू नका असं सांगते, ते याचसाठी.

थायमिन ही किरकोळ बाब नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमन या डच डॉक्टरला लष्करी इस्पितळातला पॉलिश तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडताना दिसल्या. खाणं बदलून न सडलेला तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. माणसांमधल्या बेरीबेरीचं, म्हणजे थायमिनच्या कमतरतेने होणाऱ्या रोगाचं, कारण शोधण्याची वाट तिथून उघडली आणि 1929 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडेही आंध्रच्या किनाऱ्यावर, जिथे गिरणीचा पांढरा कच्चा तांदूळ खाल्ला जाई, तिथे बेरीबेरी होती. उकडा तांदूळ खाणारे प्रांत मात्र तिच्यापासून बरेचसे वाचले होते.

उकड्याची करामत इथे आहे. साळ टरफलासकट भिजवतात, उकडतात, वाळवतात आणि मग सडतात. भिजताना-उकडताना कोंड्यातलं थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतं, त्यामुळे नंतर कोंडा गेला तरी ते मागे उरतं आणि धुतानाही कमी जातं. शिवाय पिष्ट एकदा फुगून पुन्हा घट्ट बसलेलं असल्यामुळे उकड्याचा भात चिकटत नाही आणि तसाच पांढरा कच्चा तांदूळ घेतला तर त्याच्यापेक्षा सहसा सावकाश पचतो. शिजायला वेळ आणि पाणी मात्र जास्त लागतं. कोकणातली जुनी रीत म्हणजे उकड्याचा भात वेळायचा, आणि पेज फेकायची नाही, मिठाची कणी घालून प्यायची. पोषणाच्या दृष्टीने यात मला काहीच खोट काढता येत नाही. विटामिनं पाण्यात उतरली तरी ती त्याच घरात, त्याच पोटात जातात. शहरात येऊन आपण या रीतीचा अर्धाच भाग उचलला. तांदूळ पांढरा, पॉलिश केलेला, आणि पेज सिंकमध्ये.

तुम्हाला वेळलेला भात आवडत असेल तर तो जरूर करा, पण पेज आमटीत, कढीत, भाजीच्या रश्श्यात घाला किंवा कणीक भिजवायला वापरा. मधुमेह असलेल्यांनी मात्र पेज पेलाभर पिऊ नये. ती पातळ असली तरी तिच्यातलं शिजलेलं पिष्ट फार लवकर साखर होऊन रक्तात उतरतं.

पेज टाकून देणं योग्य ठरतं अशी एक परिस्थिती आहे. भाताचं पीक पाण्यात उभं असतं, त्यामुळे जमिनीतलं आणि पाण्यातलं आर्सेनिक ते इतर धान्यांपेक्षा जास्त शोषतं. पश्चिम बंगाल, बिहार, बांगलादेश या भागांत भूजलातच आर्सेनिक आहे. तिथे तांदूळ भरपूर धुऊन, सहापट पाण्यात शिजवून, ते पाणी टाकून दिलं तर आर्सेनिक साधारण निम्म्यापर्यंत उतरतं. अट एवढीच, की शिजवायचं पाणी आर्सेनिकमुक्त हवं. अमेरिकेत राहणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, कारण तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या तांदळात हे प्रमाण जास्त सापडतं आणि भारतीय बासमतीत बरंच कमी. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना तांदळापासून केलेलं ‘दूध’ देऊ नका अशी अधिकृत सूचनाच आहे. महाराष्ट्रात बसून रोज या भीतीने पेज ओतायची गरज नाही. तान्ह्या बाळाचं वरचं अन्न मात्र नुसत्या तांदळावर ठेवू नका, नाचणीचं सत्त्व, मुगाची डाळ, गहू हेही आलटून-पालटून द्या. आर्सेनिक नसतं तरी हाच सल्ला दिला असता.

कुकरवरचे आरोप

कुकरमध्ये भात ‘विषारी’ होतो, त्यातले सगळे गुण जळतात, असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी साधारण 120 अंशांपर्यंत तापतं. या उष्णतेत थोडं थायमिन नासतं, पण शिजायचा वेळ कमी असतो आणि पाणी भातातच जिरतं, त्यामुळे एकूण हिशोबात कुकर पेज फेकलेल्या भातापेक्षा सरस ठरतो. ज्या ॲक्रिलामाइड नावाच्या घातक रसायनाची भीती घातली जाते, ते कोरड्या उष्णतेत, तळताना-भाजताना तयार होतं. वाफेवर शिजणाऱ्या भाताला ती भीती लागू नाही.

कुकरचा खरा दोष एवढाच, की भात त्यात सहज गिच्च होतो. जितका मऊ, तितका लवकर पचणारा. हा दोष कुकरचा कमी आणि आपल्या मापाचा जास्त. जुन्या कोलमला वाटीला दोन वाट्या पाणी, नव्या तांदळाला किंवा इंद्रायणीला दीड-पावणेदोन वाट्या. तांदूळ एक-दोन पाण्यांनी हलक्या हाताने धुऊन वीस मिनिटं भिजवला तर दाणा आतपर्यंत ओला होतो आणि सारखा शिजतो. डाळीच्या खालच्या डब्यात भात असेल तर तिला शिजवायच्या नादात शिट्ट्या वाढतात आणि भाताचा लगदा होतो. यावर उपाय म्हणजे डाळ तासभर आधी भिजवणं. मग दोघांना तीन शिट्ट्या पुरतात. कुकर उतरल्यावर दाब आपोआप जाऊ द्यावा. झाकण काढलं की भात लगेच कडेकडेने काट्याने उकलावा, नाहीतर स्वतःच्याच वाफेत तो खाली बसत जातो.

मऊ भात वाईटच, असं मात्र समजू नका. दात नसलेल्या आजींना, आजारातून उठलेल्या माणसाला, दहा महिन्यांच्या बाळाला गुरगुट्या भातच योग्य. त्यावर साजूक तूप आणि मेतकूट घालून तो पोटात गेला तर त्या माणसाचं भलंच आहे. अतिसारात मिठाची पेज हे तर उत्तम घरगुती पेय आहे.

पातेल्यातला बैठा भात, म्हणजे सगळं पाणी जिरवून मंद आचेवर केलेला, गुणाने कुकरच्या भातासारखाच असतो, फक्त दाणा मोकळा राखणं त्यात सोपं जातं. मातीच्या हंडीत चव वेगळी लागते, आरोग्याचा फरक पडत नाही. मायक्रोवेव्हमध्येही तसंच.

विजेच्या राइस कुकरबद्दल जरा सांगायला हवं, कारण नोकरीसाठी बाहेरगावी राहणाऱ्यांच्या खोल्यांमधून तो आता सर्रास दिसतो. तोशिबाने 1955 मध्ये जपानात पहिला यशस्वी राइस कुकर बाजारात आणला. त्यामागची युक्ती सोपी आहे. भांड्यात मोकळं पाणी असेपर्यंत तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. पाणी जिरलं की तापमान चढतं आणि खटका पडतो. भात एकसारखा होतो, करपत नाही. खटका पडल्यावर तो भात ‘वॉर्म’वर ठेवतो, तेव्हा तापमान 60 अंशांच्या वर राहतं, म्हणून काही तास सुरक्षित. पण प्लग काढून भात तसाच आत ठेवला तर तो सगळ्यात वाईट जागी आहे, कारण जाड भिंतीमुळे भात तासन् तास कोमट राहतो. कोमट भाताचं काय होतं ते पुढे येतंच. साखर कमी करणारे म्हणून जे महागडे राइस कुकर विकले जातात, ते बहुधा पेज खाली गाळून घेतात. वेळणीने जे फुकटात होतं, त्याला एवढे पैसे घालू नका.

साखरेसाठी काय बदलावं?

शिजवण्याच्या पद्धतीआधी तांदळाची निवड पाहा. आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेने 235 वाणांची तपासणी केली तेव्हा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचं माप, 48 पासून 92 पर्यंत पसरलेला आढळला, आणि भारतातला स्वर्णा हा वाण कमी आकड्याच्या बाजूला निघाला. पांढरा तांदूळ म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे, हे यावरून कळावं. सुट्टा शिजणारा जुना तांदूळ, बासमती, उकडा हे सहसा चिकट वाणांपेक्षा बरे. हातसडीचा तांदूळ आणखी बरा. चेन्नईच्या मधुमेह संशोधन प्रतिष्ठानाने वजन जास्त असलेल्या माणसांवर केलेल्या प्रयोगात पांढऱ्याऐवजी कोंड्यासकटचा तांदूळ दिल्यावर दिवसभरातली रक्तशर्करेची चढण सुमारे एक पंचमांशाने कमी झाली. हातसडीचा तांदूळ दोन-तीन तास भिजवावा, अडीच-तीनपट पाणी घालावं, आणि थोडाथोडाच आणावा, कारण कोंड्यातल्या तेलामुळे तो खवट होतो. घरातल्यांना एकदम रुचला नाही तर दोन्ही तांदूळ वेगवेगळे शिजवून मिसळावेत. एकत्र शिजवले तर एक कच्चा राहतो आणि दुसरा विरतो.

त्यानंतर पान. मध्यम वाटीभर भातात 30 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणून वाटीने मोजून घ्या. ताटातून उचलून ‘थोडासा’ घेतलेला भात कधीच वाटीभर नसतो. आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ खाऊन भात शेवटी घेतला, तर तेवढ्याच भाताने साखर कमी चढते. वरणभातावर लिंबू पिळायची आपली सवयही कामाची आहे. आंबटाने पिष्टाचं पचन जरा मंदावतं.

आता थंड भाताची गोष्ट. शिजलेला भात थंड झाला की फुगलेलं पिष्ट पुन्हा घट्ट बसू लागतं. फ्रिजमधला भात सकाळी बोटांत चुरला तर शीत कडक, खडूसारखं लागतं, ते यामुळे. त्यातला काही भाग लहान आतड्यात पचत नाही. तो पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य होतो. इंडोनेशियात 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताज्या भातात असं न पचणारं पिष्ट शंभर ग्रॅममागे 0.64 ग्रॅम होतं, आणि 24 तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात 1.65 ग्रॅम. तो गरम भात खाणाऱ्यांची साखरही कमी चढली. फायदा खरा आहे, पण 28 ग्रॅम कर्बोदकांतला हा जेमतेम एक ग्रॅमचा फरक आहे. एवढ्यावर विसंबून दुप्पट भात खाणं ही स्वतःची फसवणूक होईल. त्याच सुमारास श्रीलंकेतून खोबरेल तेल घालून शिजवल्याने भाताच्या कॅलरी घटतात अशी बातमी आली आणि अजूनही ती फिरते. चमचाभर तेल म्हणजे 45 कॅलरी. चवीसाठी घालायचं तर घाला, औषध म्हणून नको.

रात्रीचा भात

‘शिळा भात मधुमेहाला चांगला’ एवढंच ऐकून भात मुद्दाम रात्रभर बाहेर ठेवणारी माणसं आता दिसू लागली आहेत. हे थांबायला हवं.

तांदळावर बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू बीजाणूंच्या रूपात असतो. ते बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते उगवतात, वाढतात आणि त्यांतले काही भातात विष सोडतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. फोडणीत खमंग परतला, वाफ आणली, पुन्हा कुकरला लावला, तरी ते नाहीसं होत नाही. खाल्ल्यावर तासाभरापासून सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. भाताला ना वास येतो, ना तार सुटते. ‘वास घेऊन बघितला, चांगला आहे’ ही खात्री इथे निरुपयोगी आहे. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात हॉटेलांतला फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा कारण हेच निघालं. आदल्या दिवशी ढीगभर भात शिजवून तो बाहेर ठेवलेला असे. आपला फोडणीचा भातही याच वाटेने जाऊ शकतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. जेवणं उरकली की उरलेला भात कुकरच्या डब्यात दाबून ठेवू नका. परातीत पातळ पसरा, वाफ जाऊ द्या, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरातच, उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. खोल पातेल्यात मधला भात फ्रिजमध्येसुद्धा बराच वेळ कोमट राहतो, म्हणून डबा उथळच हवा. दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना पाण्याचा हबका मारून सगळीकडून वाफ येईपर्यंत तापवा, आणि एकदाच. फ्रिज नसेल किंवा वीज रात्रभर जात असेल, तर रात्री मोजकाच भात लावणं हा एकच खात्रीचा मार्ग. ओडिशात आणि बंगालमध्ये भात पाण्यात घालून आंबवतात, तिथे आंबटपणामुळे या जिवाणूला अटकाव होतो. पण नुसता झाकून ठेवलेला भात म्हणजे आंबवलेला भात नव्हे.

रेशनच्या तांदळाबद्दल एक सांगून ठेवतो. 2021 पासून टप्प्याटप्प्याने त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-12 घातलेले दाणे मिसळले जाऊ लागले, शंभर दाण्यांमागे साधारण एक. ते तांदळाचं पीठ आणि ही पोषकं एकत्र मळून केलेले असतात, म्हणून रंगाने थोडे वेगळे दिसतात आणि कधी पाण्यावर तरंगतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बायका ते निवडून काढतात, तेव्हा नेमका औषधाचा दाणाच कचऱ्यात जातो. ते वेचू नका, तांदूळ एखाद्याच पाण्याने धुवा, आणि हा भात वेळायचा असेल तर पेज फेकू नका. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच हा तांदूळ वापरा.

राहिला डबा. सकाळी सातला भरलेला भात दुपारी साडेबाराला उघडला जातो, म्हणजे साडेपाच तास कोमट. मुलांच्या डब्यात भात द्यायचाच असेल तर चांगल्या थर्मासच्या डब्यात द्या. आधी त्यात उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ते ओतून चटका बसेल असा गरम भात काठोकाठ भरा. तशी सोय नसेल तर त्या दिवशी पोळीभाजी द्यावी.